अठरा मिनिटांची रिकामी जागा

भावजींना आयुष्यात प्रशस्तिपत्र असं एकच मिळालं, आणि तेही जिथे काहीच नव्हतं तिथून ते काढून टाकल्याबद्दल.

ते रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात संगणक सांभाळत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहायचं. सात नंबरच्या टेबलावर फोन घेणारी बाई त्यांच्या बायकोची थोरली बहीण. ती त्यांना भावजी म्हणायची, म्हणून आठ नंबर म्हणायला लागली, मग ड्रायव्हर, मग जिना पुसणारी, आणि एके दिवशी खुद्द संचालकांनी दार उघडून "भावजी, जरा आत या" म्हटल्यावर ते सगळ्या संस्थेचे भावजी झाले. नव्याने लागलेल्या एका मुलीला तर हा हुद्दाच वाटला होता. "आमच्या जुन्या ऑफिसात भावजी नव्हते," ती म्हणाली होती, "नुसतं आयटी होतं."

त्या दिवशी संचालकांनी आत बोलावलं होतं ते डिस्क भरत आल्याबद्दल. कक्षात नऊ टेबलं, प्रत्येक टेबलावरचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड होणार, तसा नियमच होता. नवी डिस्क मागितली तर संचालकांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस धूसर दिसे आणि नाही म्हणणं सोपं जाई.

"आहे त्यातच बसवा," ते म्हणाले. "घरी पाहुणे आले तर आपण घर वाढवतो का?"

भावजींनी दोन दिवस डिस्कचा कानाकोपरा पाहिला आणि त्यांना अजब गोष्ट दिसली. नऊ टेबलांच्या नऊ भल्यामोठ्या फाइली होत्या, आणि त्यातल्या बहुतेक फाइलींमध्ये काही नव्हतंच. नुसती शून्यं. समजा, एखाद्या कचेरीत हजार पानांची नऊ रजिस्टरं आहेत, लिहिलंय दोनशे पानांवर आणि आठशे कोरी, तसं. ही कोरी पानं कपाट अडवून बसली होती. संगणकात यावर एक सोय असते. कोरी पानं फाडून भांडारात परत द्यायची आणि रजिस्टरात एक चिठ्ठी लावायची, की इथे आठशे कोरी पानं आहेत असं समजावं. वाचणाऱ्याला फरक कळत नाही. कुणी लिहायला आलं तर त्या क्षणी भांडारातून पान आणून द्यायचं.

भावजींनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो फाइलींमधून फिरे, शून्यांचे पट्टे शोधे आणि तिथे भोकं पाडे. त्याचं नाव त्यांनी उंदीर ठेवलं. पहिल्याच फेरीत उंदराने एक्केचाळीस टक्के जागा मोकळी केली. संचालकांनी चष्मा लावला. परिपत्रक निघालं, त्यात उंदराचं नाव 'स्वयंचलित अवकाश पुनर्प्राप्ती प्रणाली' असं सुधारण्यात आलं होतं आणि ती दर शुक्रवारी दुपारी एक वाजता चालेल, असं जाहीर केलं होतं. पुष्पगुच्छ, फोटो, प्रशस्तिपत्र. ताईंनी, म्हणजे सात नंबरने, टाळ्या वाजवताना आठ नंबरला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "घरी मात्र यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत हो."

मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहून संचालकांना संस्थेच्या पंचविसाव्या वर्षाची फिल्म आठवली. अशा गोष्टी जागा झाली की आठवतात. फिल्मवाला रोज नवी आवृत्ती पाठवू लागला आणि ती त्याच डिस्कवर येऊन पडू लागली. पहिल्या आवृत्तीत संचालक खुर्चीत बसून बोलत होते, दुसरीत उभं राहून, तिसरीत गाडीला टेकून.

मंगळवारी सकाळी दहा एक्केचाळीसला सात नंबरवर एक फोन आला. एक म्हातारा घरात कोसळला होता, फोन मुलाचा. गाडी अठरा मिनिटांनी पोचली. म्हातारा गेला होता.

बुधवारी मुलाची तक्रार आली. चार ओळींची, सुवाच्य अक्षरात, शिवीगाळ न करता. म्हणून जास्त वाईट. त्यात लिहिलं होतं, की फोनवरच्या बाई फक्त 'गाडी येतेय' एवढंच म्हणत राहिल्या. छाती दाबा, असं त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी दाबली असती.

"असं कसं म्हणतो तो?" ताई उभ्याच राहिल्या. "छाती दाबायला सांगून मी मोजत होते त्याच्याबरोबर! एक, दोन, तीन, चार. अकरा मिनिटं मोजत होते. घसा बसला माझा. भावजी, रेकॉर्डिंग काढा आधी."

भावजींनी काढलं. संचालक, ताई आणि ते, तिघं स्पीकरभोवती बसले. दहा चाळीसपर्यंत ताईंचा आवाज स्वच्छ येत होता, कुणाला तरी बाळाचा ताप किती आहे ते विचारत होत्या. मग दहा एक्केचाळीस ते दहा एकोणसाठ काहीच नाही. खरखरही नाही. विहिरीत कान लावल्यासारखी शांतता. आणि अकराला ताई पुन्हा, "नमस्कार, काय मदत हवी आहे?"

संचालकांनी टेबलावरच्या पिवळ्या बटणाकडे पाहिलं. असं बटण प्रत्येक टेबलाला होतं. पाणी प्यायला उठलं, घरचा फोन आला, की ते दाबायचं. तेवढा वेळ यंत्र आवाजाऐवजी शांतता लिहायचं.

"तुम्ही बटण दाबलंत," संचालक म्हणाले.

"फोन चालू असताना कोण दाबेल?"

"तेच तर चौकशी समिती विचारेल. शुक्रवारी बारा वाजता."

ताईंनी भावजींकडे पाहिलं. एकवीस वर्षं फोन घेणाऱ्या बाईची नजर, समोरचा माणूस किती घाबरलाय ते ओळखणारी.

गुरुवारी सकाळी भावजींनी यंत्राच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सात नंबरची फाइल वेगळ्या तऱ्हेने पाहिली. आत काय आवाज आहे ते नव्हे, तर डिस्कवर तिची पानं कुठे कुठे आहेत त्याचा नकाशा. बटण दाबलं असतं तर यंत्राने शून्यं लिहिली असती, आणि लिहायला पान लागतं. नकाशात त्या अठरा मिनिटांची पानं दिसली असती.

पानं नव्हती. भोक होतं. उंदराने पाडलेलं, आणि कुणीच न भरलेलं.

त्यांनी एक नंबरची फाइल उघडली. दहा एक्केचाळीस ते दहा एकोणसाठ: भोक. दोन नंबर: भोक. नऊच्या नऊ टेबलं अठरा मिनिटं मुकी होती. इतर आठ जणांबद्दल तक्रार नव्हती म्हणून ते कुणी ऐकलं नव्हतं, इतकंच. मंगळवारी त्या वेळी काय झालं, हे समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. फिल्मची सातवी आवृत्ती येत होती. तिने भांडारातलं शेवटचं पानसुद्धा घेतलं, मग अठरा मिनिटं ती 'जागा नाही, पुन्हा प्रयत्न करतो' करत बसली, मग कंटाळली आणि आपलं अर्धवट बाड स्वतःच पुसून निघून गेली. पुन्हा सगळीकडे जागाच जागा. डिस्क भरल्याची नोंदही कुठे नव्हती, कारण नोंद लिहायलाही जागा लागते.

तरी एक कोडं राहिलं होतं. त्यांनी जुन्या काकांना फोन लावला. रेकॉर्डिंगचं यंत्र मुळात काकांनी बसवलं होतं. आता ते निवृत्त होऊन कुंड्यांना पाणी घालत होते, आणि फोनवर ते पाणी ऐकू येत होतं.

"काका, त्या फाइलींत एवढी शून्यं का भरून ठेवली होती?"

"का म्हणजे? जागा धरायला," काका म्हणाले. "उद्या कुणी येड्याने डिस्क भरून टाकली तरी आपली पानं आपल्याकडे. फोन रेकॉर्ड झालाच पाहिजे ना बाबा. बसमध्ये आपण रुमाल टाकत नाही का? तसं."

"आणि लिहिताना जागाच मिळाली नाही तर यंत्र काय करतं?"

"मिळत नाही असं होईलच कसं? जागा आधीच धरलेली." पाण्याचा आवाज थांबला. "का रे? कुणी रुमाल उचलला की काय?"

"नाही, सहज विचारलं," भावजी म्हणाले.

"सहज कुणी एवढं विचारत नाही," काका म्हणाले. "कोण गेलं?"

भावजींनी फोन ठेवून दिला.

आता सरळ रस्ता होता. नकाशा छापायचा, समितीपुढे ठेवायचा, म्हणायचं, मी राखीव जागेला रिकामी जागा समजलो. भावजींनी छापण्याच्या बटणावर बोटही नेलं. पण कागदाचं एक असतं. पडद्यावर आहे तोवर ती माहिती. हातात आला की कुणाला तरी द्यावा लागतो. त्यांनी बोट मागे घेतलं. नाहीतरी नकाशा कुठे पळून जातोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तो पळून जाणार होता, शुक्रवारी दुपारी एक वाजता. उंदीर पुन्हा फिरणार, बटण दाबून लिहिलेल्या शांततेचीही भोकं करणार, आणि मग दाबलेली शांतता आणि न लिहिली गेलेली शांतता यांत फरक राहणार नव्हता. उंदीर थांबवणं म्हणजे एक ओळ पुसणं. पण ती कुणी, किती वाजता पुसली याची नोंद होणार, आणि संचालक विचारणार, पुरस्कारप्राप्त प्रणाली का थांबवलीत?

उद्या बघू, असं ठरवून ते घरी गेले.

घरी बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ताई जेवायला येत नाही म्हणाली. फोनवर बोलली नीट, पण मध्येच म्हणाली, मी खरंच मोजत होते ना गं? मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी होते का तिथे?"

"मग?"

"मग म्हणाली, दिवसाला दहा वेळा मोजते, कुठल्या दिवशीचं कुठलं कसं कळणार? तिने असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही हो. ती तर आमच्या लग्नात कुणाला किती लाडू वाढले तेही सांगते." बायकोने लाटणं ठेवलं. "तुमच्या मशिनीत असणारच ना कुठेतरी? पुसलेलं परत येतं म्हणतात."

"पुसलेलं येतं," भावजी म्हणाले. "लिहिलंच नसेल ते कसं येणार?"

"म्हणजे?"

"काही नाही. पोळी करपतेय."

त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि बायकोला वाटलं, बिचाऱ्यांना ताईची किती काळजी.

शुक्रवारपर्यंत त्यांनी एक बेत रचला. अर्धं सांगायचं. नऊच्या नऊ टेबलं मुकी होती एवढंच. त्यावरून यंत्र बिघडलं हे कुणालाही कळेल, ताई सुटतील, आणि यंत्र का बिघडलं हे विचारायला कुणाला सवड आहे? बेत इतका सुटसुटीत होता, की दाढी करताना ते दोनदा हसले.

समिती तीन माणसांची होती. संचालक, एक वकील, जे बोलण्यापूर्वी पेनाचं टोपण काढत आणि बोलून झालं की लावत, आणि एक डॉक्टरीणबाई, ज्यांना दीड वाजता दवाखान्यात पोचायचं होतं. भिंतीवर घड्याळ. ताई भिंतीकडेच्या खुर्चीत, हात मांडीवर.

"एक गोष्ट निदर्शनास आणायची होती," भावजी बारा वीसला म्हणाले. "त्या अठरा मिनिटांत नऊही टेबलांचं रेकॉर्डिंग शांत आहे."

ताईंनी मान वर केली. भावजींना वाटलं, झालं.

"नऊही?" संचालक म्हणाले. "म्हणजे नऊही जणांनी बटण दाबलं?"

"नाही, म्हणजे, माझं म्हणणं असं की..."

वकिलांनी टोपण काढलं. "म्हणजे ही वैयक्तिक चूक नाही. ही प्रथा आहे. कामाच्या वेळेत सामुदायिक विश्रांती."

"त्या अठरा मिनिटांत आम्ही चार गाड्या पाठवल्या," ताई म्हणाल्या.

"विश्रांती घेत पाठवल्या," वकील म्हणाले आणि टोपण लावलं.

"मला संशय होताच," संचालक म्हणाले. "सकाळी साडेदहाला सगळीकडे चहाचा वास येतो. भावजी, तुम्ही हे पुढे आणलंत, चांगलं केलंत. उरलेल्या आठ जणांनाही नोटीस काढा."

भावजी उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. एका माणसाला वाचवायला आले होते आणि आणखी आठ जण आत ओढले होते. बाहेर कक्षात आठ नंबर या क्षणी कुणाला तरी खिडकी उघडायला सांगत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. साडेबारा झाले. पाऊण झाला. ठराव कसा लिहायचा यावर चर्चा चालली: 'निष्काळजीपणा' लिहायचं की 'अक्षम्य निष्काळजीपणा'.

बारा पन्नासला डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मला एक कळत नाही. नऊ माणसं एकाच सेकंदाला बटण दाबतात आणि एकाच सेकंदाला सोडतात? आम्ही दवाखान्यात दोघं मिळून एक पलंग नीट उचलू शकत नाही." त्यांनी भावजींकडे वळून पाहिलं. "तुम्ही यातले जाणकार. बटण दाबलेली शांतता आणि मशीनच्या बिघाडाची शांतता, यात फरक ओळखता येतो का?"

प्रश्न सरळ होता. इतका सरळ प्रश्न भावजींना नोकरीत कुणी विचारला नव्हता. उत्तर होतं, हो, आत्ता येतो, आणखी दहा मिनिटं येईल, चला. पण ते उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येणार होता, आणि त्याच्या पुढचा, आणि शेवटच्या प्रश्नाशी एक प्रशस्तिपत्र, एक फिल्म आणि एक उंदीर बसलेले होते.

"बघावं लागेल," भावजी म्हणाले.

"किती वेळ लागेल?"

"तसा... बघावं लागेल."

"मग बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढा ठराव संपू दे, मग मीही येते."

ठरावात 'अक्षम्य'च्या जागी 'गंभीर' घालायचं ठरलं. बारा पंचावन्न. भावजींना वाटलं, पाणी प्यायला म्हणून उठावं, जावं, ती ओळ पुसावी, दोन मिनिटांचं काम. मग वाटलं, आत्ता उठलो तर का उठलो ते दिसेल. मग वाटलं, कुणाला दिसणार आहे? बारा अठ्ठावन्न. ताई त्यांच्याकडेच पाहत होत्या, आणि त्या नजरेत काही मागणं नव्हतं, हे सगळ्यात अवघड होतं. भावजींचे पाय जमिनीला चिकटले होते म्हणावं तर तसंही नव्हतं. पाय अगदी मोकळे होते. ते नुसते उठले नाहीत. घड्याळात एक वाजला तेव्हा खोलीत काही झालं नाही. दोन भिंती पलीकडे, कपाटाएवढ्या यंत्रात, उंदीर निघाला.

एक दहाला सगळे यंत्रापाशी आले. संचालकांनी, पाहुणे आले आहेत म्हणून, प्रणालीबद्दल दोन शब्द सांगितले. भावजींनी सात नंबरचा नकाशा उघडला. मंगळवारची अठरा मिनिटं: भोक. शेजारी बुधवारी ताई पाणी प्यायला उठल्या होत्या ती चार मिनिटं, जी काल पानांवर लिहिलेली होती: भोक. सोमवारची, रविवारची. सगळी शांतता एकसारखी.

"फरक दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काल दिसत होता," भावजी म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. थांबले नाहीत. शून्यं म्हणजे रिकामी जागा नव्हती, राखून ठेवलेली होती. मी ती सोडवली. फिल्मने ती खाल्ली. यंत्राला लिहायला पान मिळालं नाही. काल मी हे पाहिलं आणि छापलं नाही. मघाशी मला ठाऊक होतं आणि मी बसून राहिलो. त्यांना अपेक्षा होती, की आता काहीतरी कोसळेल. इतकं बोलल्यावर निदान कुणी ओरडायला हवं होतं.

"फिल्मने?" संचालक म्हणाले आणि चष्मा काढला. "कोणती फिल्म?"

वकिलांनी टोपण काढलं. "याला काही पुरावा?"

"तो एक वाजता गेला."

"तुमच्याच प्रोग्रामने. तुम्ही समोर बसलेले असताना."

"हो."

"ठीक. आणि या बाई आपल्या कोण?"

भावजींनी उत्तर द्यायची गरज नव्हती. दारातून नेमकी तीच नवी मुलगी डोकावली. "भावजी, तीन नंबरचा हेडफोन वाजत नाही हो," म्हणाली, आणि एवढी मोठी माणसं पाहून दार लोटून घेतलं.

"मेव्हणी," वकील म्हणाले आणि टोपण लावलं.

"समजू शकतो मी," संचालक मऊ आवाजात म्हणाले. त्यांनी भावजींच्या खांद्यावर हात ठेवला. "घरचं माणूस अडचणीत आलं की आपण स्वतःवर ओढवून घेतो. मीसुद्धा घेतलं असतं. पण एवढी चांगली प्रणाली बदनाम कशाला करता? तुमच्या भावनेची नोंद घेऊ. इतिवृत्तात नाही, मनात."

डॉक्टरीणबाईंनी दारापाशी पोचल्यावर वळून विचारलं, "काल का नाही सांगितलंत?" पण त्यांना दीड वाजता दवाखान्यात पोचायचं होतं, आणि भावजी नकाशा बंद करायला वळले, तेव्हा दोघांचीही सोय झाली.

आठ जणांना ताकीद मिळाली. ताईंना निलंबन, पुढील चौकशी होईपर्यंत. पुढील चौकशी कसली, हे ठरावात लिहायचं राहून गेलं.

ताई खालच्या मजल्यावर, खणांच्या खोलीत होत्या. खण उघडा, समोर एक कापडी पिशवी. कंगवा, घशाच्या गोळ्यांची बाटली, जादा मोजे, एक आटलेला पेन. त्या एकेक वस्तू पाहून पिशवीत टाकत होत्या, घाई नव्हती.

"आठ नंबर माझ्याशी बोलत नाही," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "म्हणाली, तुमच्या भावजींमुळे आम्हाला ताकीद. मी म्हटलं, माझे काय, ते सगळ्यांचेच भावजी आहेत."

भावजींनी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी सावकाश, भोकं आणि पानं सोडून, माणसाला सांगतात तसं. गुरुवारचं सांगितलं. बारा अठ्ठावन्नचं सांगितलं. ताई ऐकत राहिल्या. मध्ये फक्त "अच्छा" म्हणाल्या, फोनवर म्हणत तशा, समोरच्याने बोलणं थांबवू नये म्हणून.

"म्हणजे मी बटण दाबलं नव्हतं."

"नाही ताई. शंभर टक्के नाही."

"ते मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी गोळ्यांची बाटली हलवून पाहिली. "तुम्ही उठला असतात एकच्या आधी, तर माझी नोकरी राहिली असती."

"हो."

"पण आवाज आला नसता."

भावजींना आधी कळलं नाही.

"माझा आवाज. मी काय म्हटलं त्याला, ते. ते तेव्हाही नव्हतंच ना? नकाशा असता तरी?"

"नाही. ते कधी लिहिलंच गेलं नाही."

ताई बाकावर बसल्या. नोकरी गेल्यावरही सरळ राहिलेली पाठ आता वाकली.

"तो मुलगा खोटं बोलणारा वाटत नाही हो. चार ओळी लिहिल्यात त्याने. खोटं बोलणारा दोन पानं लिहितो. आणि मलाही आठवतंय, एक, दोन, तीन, चार, घसा बसला होता. पण घसा सोमवारीही बसला होता. सोमवारी त्या पोहण्याच्या तलावावरची बाई होती, तिच्याबरोबर मोजलं मी, ते नक्की, तिची मुलगी मागे रडत होती. मंगळवारी मागे काय ऐकू येत होतं, ते आठवत नाही. काहीच ऐकू येत नाही मला. बुधवारपासून तेच ऐकायचा प्रयत्न करतेय." त्यांनी वर पाहिलं. "गाडी येतेय म्हटलं असेल मी. म्हणतोच आपण. ते म्हणत राहिले असेन, आणि पुढचं, आज सांगितलं असं वाटून... असं होतं का हो माणसाचं?"

भावजींना 'नाही' म्हणायचं होतं. 'तुम्ही मोजलंत ताई, तुम्ही नाही तर कोण मोजणार' हे वाक्य तोंडात तयार होतं, आणि ते खरं असण्याचीही पुरेपूर शक्यता होती. पण सकाळपासून त्यांचं अर्ध्या माहितीवर बरंच काही सांगून झालं होतं.

"मी ऐकलेलं नाही ताई," ते म्हणाले. "आता कुणीच ऐकू शकणार नाही."

"त्या मुलाने ऐकलंय," ताई म्हणाल्या.

त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि खणाच्या तळाशी घडी करून ठेवलेला तक्रारीचा कागद काढला. समितीने दिलेली प्रत. खाली मुलाचा पत्ता होता. त्या तो पत्ता वाचत राहिल्या, गाडी पाठवताना वाचत तसा, ओठ हलवत, गल्ली, घर, मजला.

"तुम्ही येणार नाही," त्या म्हणाल्या. भावजी काही बोलण्याआधीच.

"ताई, तो काय म्हणेल सांगता येत नाही."

"म्हणून तर जायचं," त्या म्हणाल्या, आणि पिशवी तिथंच ठेवून जिन्याकडे निघाल्या.